नाताळच्या पत्रातली माझी मुलगी

दर वर्षी डिसेंबर लागला की मी वसईला आईला एक लांबलचक पत्र लिहिते. आईला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं बारीक दिसतात. म्हणून मी टाइप करून भावाला पाठवते, तो झेरॉक्सच्या दुकानातून ते मोठ्या अक्षरांत छापून आणतो, आणि आई ओटीवर बसून मोठ्याने वाचते. ऐकायला काकी असते, शेजारपाजारचे असतात. पत्र आईचं असलं तरी ते सगळ्या आळीचं होतं.

लग्नानंतर मस्कतला आले तेव्हा पहिल्या पत्रात इथलं ऊन, रुवी भागातली दुकानं, असलं काहीबाही होतं. पुढे मुलं झाली आणि पत्र त्यांच्यावरच येऊन थांबलं. मोठीला किती टक्के मिळाले, धाकट्याने कशात बक्षीस घेतलं, पियानोची कितवी परीक्षा झाली. मी ते अगदी मन लावून लिहायची. आळीत कोणाकोणाला काय वाटेल, हे डोक्यात ठेवूनच लिहायची, हेही खरं.

या वर्षी पत्र अडलं.

मार्चमध्ये मोठी अकरावीत नापास झाली. रसायनशास्त्र आणि गणित, दोन्ही गेले. शाळेने सांगितलं, सायन्स सोडून आर्ट्स घ्या आणि अकरावी पुन्हा करा. तिच्याबरोबरच्या मुली बारावीत गेल्या, ही एक वर्ष मागे राहिली. आम्ही नवराबायकोने ते गिळलं, पण वसईला सांगितलं नाही. "आज सांगू, उद्या सांगू" करत एप्रिल गेला, मग उन्हाळ्याची सुट्टी गेली. त्या सुट्टीत आम्ही गावालाही गेलो नाही. तिकिटं महाग आहेत असं मी भावाला सांगितलं. तिकिटं दर वर्षीच महाग असतात.

डिसेंबरच्या त्या शनिवारी मोठी आणि मी करंज्या करत होतो. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, त्यामुळे फराळाला सुट्टीचाच दिवस मिळतो. नवरा घरी नव्हता. तो एसीच्या कामात आहे आणि त्याच्या कंपनीने महिनाभरासाठी त्याला सूर या किनाऱ्यावरच्या गावी एका हॉटेलच्या कामावर पाठवलं होतं. धाकटा, दहा वर्षांचा, बाल्कनीत नाताळचा तारा लावायच्या खटपटीत होता. माझे हात मैद्याचे, म्हणून मी मोठीला म्हटलं, "माझा फोन घे आणि आजीचं पत्र कुठवर आलंय ते वाच जरा."

तिने वाचलं. तिचं मराठी वाचन सावकाश चालतं, शब्दाशब्दाला थांबत.

"'मोठीचा अभ्यास जोरात चालू आहे. ती खूप मेहनत घेते. देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे.'" तिने फोन खाली ठेवला. "मम्मी, कितवीचा अभ्यास?"

"ते कशाला लिहायला पाहिजे?"

"म्हणजे तू खोटं पण नाही लिहिलं आणि खरं पण नाही."

मी करंजीच्या कडा दाबत राहिले.

"मला काढून टाक," ती म्हणाली. "या वर्षी मला त्यात नको घालूस. ब्रदरचं लिही."

"असं कसं? आजी विचारेल ना."

"मम्मी, तू दर वर्षी जिच्याबद्दल लिहितेस ना, ती मुलगी मला भेटली तर मला ती आवडणार नाही. आय डोन्ट नो हर."

ती रडली नाही, ओरडली नाही. हात धुतले आणि आत गेली. उरलेल्या करंज्या मी एकटीने केल्या. त्यातल्या बऱ्याच तळताना फुटल्या.

संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "शुक्रवारी तिघं इकडे या. दोन दिवस समुद्रावर बसू. फोनवर नको हे."

म्हणून शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मी दोन्ही मुलांना घेऊन सूरला निघाले. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, रस्ता सरळ. मोठी पुढे बसली होती. मला तिच्याशी बोलायचं होतं, पण तोंडातून निघत होतं ते "पाणी प्यायलीस का", "एसी कमी करू का" एवढंच. मागे धाकटा कॅरलची प्रॅक्टिस करत होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा.

कुरियात गाव मागे पडल्यावर अर्ध्या तासाने धाडकन आवाज झाला आणि गाडी ओढायला लागली. कडेला घेतली. मागचं टायर पार फाटलं होतं. डिकीतलं जादा चाक काढलं तर त्यात हवाच नाही. नवऱ्याला फोन लावला, तो उचलेना.

पाचेक मिनिटांत एक पिकअप थांबला. पांढरी दाढी, पांढरा पायघोळ डिशडाशा घातलेले एक म्हातारे ओमानी गृहस्थ उतरले, गाडीत त्यांची बायको बसलेली. मस्कतमध्ये हिंदीवर काम भागतं, त्या सवयीने मी हिंदीत सुरुवात केली. त्यांना काही कळलं नाही. मग माझी होती नव्हती ती सगळी अरबी काढली. "टायर खलास," मी म्हणाले. "दुसरं टायर पण खलास." एकोणीस वर्षं या देशात काढून माझी पुंजी एवढीच.

तेवढ्यात मोठी माझ्या बाजूने पुढे आली आणि त्या गृहस्थांशी बोलायला लागली.

सलाम करून थांबली नाही. बोलायला लागली. ते विचारत होते, ही उत्तरं देत होती. मध्येच अडकली की हाताने दाखवत होती, ते शब्द सांगत होते, ही तो शब्द उचलून पुढे जात होती. गाडीतल्या बाईंनी काच खाली केली आणि त्याही बोलायला लागल्या. धाकटा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मम्मी, दीदीला अरेबिक येतं?" मलाही ते आत्ताच कळत होतं.

ती वळून म्हणाली, "त्यांचं घर जवळच आहे. त्यांचा मुलगा आपलं चाक दुकानात नेऊन आणेल. तोपर्यंत घरी चला म्हणतायत. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल."

घर खरंच जवळ होतं. बायकांच्या बैठकीत गालिच्यावर बसलो. खजूर आले, हलवा आला, छोट्या कपांतून वेलचीचा कहवा आला. म्हाताऱ्या बाईंनी मोठीला अगदी शेजारी बसवून घेतलं होतं. त्या विचारायच्या, ती उत्तर द्यायची, मग माझ्यासाठी मराठीत सांगायची. आम्ही कुठले, डॅडी काय करतात, आमचा सण कधी आहे. त्या पुन्हा काहीतरी म्हणाल्या आणि ही जरा थांबली. मग हळू आवाजात बराच वेळ बोलली. या वेळी मात्र तिने मला काही सांगितलं नाही.

"काय विचारलं त्यांनी?"

"कितवीत आहेस, विचारलं. मी सांगितलं की मी नापास झाले, म्हणून परत अकरावीत आहे."

अनोळखी घरात, कहव्याचा कप हातात धरून, माझ्या पोरीने ते सहज सांगून टाकलं होतं. नऊ महिने मी जे सख्ख्या आईला सांगितलं नव्हतं. बाई हसत हसत काहीतरी म्हणाल्या आणि मोठी इतकी हसली की तिचा कहवा सांडला.

"आता काय?"

"त्या म्हणाल्या, त्यांचा मुलगा ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये सहा वेळा नापास झाला. आणि तोच आता आपलं चाक घेऊन गेलाय."

मग मीही हसले. बाईंना ते कळलं, त्या माझ्या हातावर थोपटून पुन्हा हसल्या. तासाभराने मुलगा चाक घेऊन आला, त्यानेच बसवून दिलं. मी पैसे विचारले तर म्हातारे गृहस्थ रागावले. मी करंज्यांचा एक डबा त्यांच्या घरी ठेवला. नवऱ्यासाठी आणलेला होता तो.

पुढच्या रस्त्यात मी विचारलं, "कधी शिकलीस हे?"

"दोन वर्षं झाली. बसमध्ये."

तिला शाळेच्या बसमध्ये मागे बसलं की मळमळतं, म्हणून ती पहिल्यापासून पुढे, मुलांना सांभाळणाऱ्या ओमानी बाईंच्या शेजारी बसते. सगळी मुलं त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. येताजाता पाऊण तास. आधी दुकानांच्या पाट्या वाचायला शिकली, मग बोलायला. नापास झाल्यावर जुन्या मैत्रिणी मागच्या सीटवर आपापल्या गप्पांत असायच्या, ही पुढे खालाबरोबर. "या वर्षात ती एकटीच रोज माझ्याशी नीट बोलायची," ती म्हणाली. मला लागावं म्हणून नाही. झालं ते सांगत होती.

आणि मला आठवलं, सहावीत भाषा निवडायची होती तेव्हा तिने अरबी म्हटलं होतं. मीच फ्रेंच घ्यायला लावली. म्हटलं, आपण काय इथे कायमचे राहणार आहोत? अरबी कुठे उपयोगी पडणार?

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. तू मार्क्स विचारतेस."

मी गाडी चालवत राहिले. थोड्या वेळाने म्हटलं, "बरं, मग आता विचारते." आणि सूर येईपर्यंत विचारत राहिले. तिला इतिहास आवडतो. खालाच्या मुलीच्या लग्नाला बोलावणं होतं, पण आम्ही पाठवणार नाही असं वाटून तिने आम्हाला सांगितलंच नाही. रसायनशास्त्राच्या पेपरला ती अर्धा तास नुसती बसून होती. हे सगळं माझ्या घरात घडत होतं. मला फक्त तिच्या क्लासच्या वेळा पाठ होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूरच्या खाडीकाठी, नांगरलेल्या लाकडी गलबतांसमोर आम्ही चौघं बसलो आणि पत्र नव्याने लिहिलं. मोठी सांगत होती, मी टाइप करत होते. नापास झाल्याचं वाक्य तिने स्वतःच सांगितलं, अरबीचं मी घातलं. मी "थोडक्यात नापास" असं लिहायला गेले तर नवरा म्हणाला, "थोडक्यात कुठे? चांगली दणकून झाली," आणि मोठीने त्याला पाठीत धपका मारला. धाकट्याने हट्ट धरला की त्याची बक्षिसं नकोत, सायकलवरून पडून पुढचा दात तुटला ते लिहा. तेही लिहिलं. पत्र पाठवलं आणि दिवसभर मी फोन हातातून ठेवला नाही.

दोन दिवसांनी भावाच्या फोनवरून आईचा आवाज आला. रेकॉर्ड केलेला, मोठ्या आवाजात, ती सगळ्यांशी बोलते तसा.

"मार्चमध्ये नापास झाली आणि मला आता सांगतेस? मी इथे तिच्या बारावीसाठी दर रविवारी मेणबत्ती लावते! एवढ्या मेणबत्त्या फुकट!" मग जरा खोकून, "पोरीला सांग, अरबी शिकली ते बरं केलं. उजवीकडून लिहितात ना ते? आणि ऐक, शेजारचे अंकल इथेच बसलेत, त्यांचं काम आहे तिच्याकडे."

शेजारचे अंकल म्हणजे पूर्वी कुवेतला वेल्डर होते ते. आता सत्तरीच्या पुढचे. काम बंद पडून परत यायची वेळ आली तेव्हा त्यांच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, जाताना एक कागद हातात दिला होता. सगळा अरबीत. अंकलना वाटलं, तक्रारीचा असणार, कारण शेवटच्या महिन्यात त्यांची मालकाशी बाचाबाची झाली होती. लाज वाटून त्यांनी तो कोणाला दाखवला नाही. फेकलाही नाही. पंचवीसेक वर्षं तो ट्रंकेत पडून होता. आईने पत्र वाचलं तेव्हा ते ऐकत होते, आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आले.

भावाने त्याचा फोटो पाठवला. पिवळा पडलेला कागद, टाइप केलेली सात-आठ वाक्यं, खाली शिक्का. मोठी आख्खी दुपार त्यावर बसली. कठीण शब्द खालाला फोन करून विचारले. मग मला विचारलं, "मम्मी, ऑनेस्टला मराठीत काय?"

"प्रामाणिक."

"आणि... ज्याच्यावर आपण ट्रस्ट करू शकतो?"

"विश्वासू."

तिने दोन्ही शब्द हातावर लिहून घेतले आणि वसईला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे ओटीवर अंकल, आई, काकी, भाऊ, सगळे दाटीवाटीने. मोठी एक एक शब्द निवडत बोलली, भाऊ तेच आईच्या कानात सांगत होता. "अंकल, हे कम्प्लेंट नाही. त्यात लिहिलंय, या माणसाने माझ्याकडे अकरा वर्षं काम केलं. तो खूप प्रामाणिक आणि विश्वासू आहे. त्याचं काम चांगलं आहे. कोणी त्याला काम दिलं तर मला आनंद होईल. आणि शेवटी लिहिलंय, देव त्याला सुखरूप घरी नेवो."

अंकल हातातल्या कागदाकडे बघत राहिले. आईला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तिने त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून तेच सांगितलं. त्यांनी तिला हाताने थांबवलं.

"बाळा," ते मोठीला म्हणाले, "पहिल्यापासून परत वाच. आधी अरबीत वाच, मग मराठीत."

तिने वाचलं, दोन्हीत. अंकल मान खाली घालून ऐकत राहिले.

नाताळ चांगला झाला. नवऱ्याला दोन दिवस सुट्टी मिळाली. रुवीच्या चर्चमध्ये इतकी गर्दी होती की आम्ही बाहेर अंगणात उभं राहून नाताळच्या प्रार्थनेचा मिस्सा ऐकला. धाकटा तुटक्या दाताने कॅरल गायला, शब्दांतून हवा जात होती. खालाच्या घरी आम्ही केक घेऊन गेलो, आणि मी पहिल्यांदा तिला भेटले. माझ्याच वयाची निघाली. मोठी आमच्या दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. खाला काय म्हणते विचारलं की मध्येच हसून म्हणायची, "हे नाही सांगणार."

मार्चमध्ये परीक्षा आहे. इतिहास तयार आहे, भूगोल तिला जड जातोय. पुढे काय करणार, ते तिलाच अजून ठरवता आलेलं नाही आणि मीही ठरवायला जात नाही. काल संध्याकाळी ती नकाशा पसरून जमिनीवर बसली होती. मी बाजूला बसले आणि म्हटलं, "यातलं काही मला समजावून सांग." तिने जरा संशयाने माझ्याकडे पाहिलं, मग नकाशा माझ्या बाजूला सरकवला आणि वाऱ्यांपासून सुरुवात केली.