दोन खोल्या, दोन्ही चांगल्या

निरवांगीच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की उसातून जाणारा मुरमाचा रस्ता लागतो. त्याच्या टोकाला एक वस्ती आणि वस्तीच्या कडेला आमची जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, एक व्हरांडा, चौथीपर्यंतचे वर्ग, दोन शिक्षक. मी रोज बारामतीहून स्कूटीवर यायचे. ज्या जूनमध्ये माझी तिथं बदली झाली, त्याच जूनमध्ये आधीचे मुख्याध्यापक दुसरीकडे गेले आणि शाळेचा प्रभार माझ्याकडे आला. पगार होता तेवढाच राहिला, सही तेवढी माझी झाली.

जाताना त्यांनी मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या, रजिस्टरं दिली आणि एका वहीच्या शेवटच्या पानावर पोर्टलचा पासवर्ड लिहून दिला. वर्षातून एकदा शाळेची सगळी माहिती ऑनलाइन भरावी लागते. मुलं किती, मुली किती, शिक्षक किती, नळाला पाणी येतं का, खोल्या किती आणि कोणत्या स्थितीत. सर म्हणाले की मागच्या वर्षीचं आत भरलेलंच असतं, आपण फक्त पट बदलायचा आणि पुढं पाठवायचं.

मी तसंच केलं. एका रविवारी घरी बसून पट बदलला. खोल्या दोन, दोन्ही चांगल्या, असं आधीच दिसत होतं. शेवटी एक ओळ होती, ‘वरील माहिती मी स्वतः तपासली असून ती खरी आहे.’ तिच्यासमोरच्या चौकोनात खूण केली आणि उठले. तोवर मी त्या खोल्यांच्या छताकडे एकदाही नीट पाहिलेलं नव्हतं.

दिवाळीची सुटी संपल्यावर एके दिवशी दुसरीतली एक मुलगी वही झटकत उभी राहिली.

"बाई, वरनं वाळू पडतीय."

मला वाटलं चिमणीनं काडीकचरा टाकला असेल. वर पाहिलं तर तुळईच्या बाजूनं छताला पोट आलं होतं. एका ठिकाणी गिलावा सुटून गंजलेली सळई दिसत होती. माझे सहकारी गुरुजी निवृत्तीला टेकलेले. त्यांना बोलावून दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले की हे बऱ्याच वर्षांपासून असंच आहे. त्यानंतर मी रोज सकाळी खोली उघडली की आधी बाकांवरून हात फिरवायचे. पांढरी भुकटी रोज असायची. कधी बोटभर, कधी नुसता थर.

मी मुलांना दुसऱ्या खोलीत आणि व्हरांड्यात हलवलं, त्या खोलीला कुलूप लावलं आणि दुरुस्तीचा अर्ज घेऊन इंदापूरला तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या लिपिकानं संगणकावर आमची शाळा काढली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. दुरुस्तीचा निधी ज्या यादीवरून वाटला जातो, ती याच माहितीतून निघते, असं त्यानं सांगितलं. आमच्या दोन्ही खोल्या तिथं चांगल्या होत्या, आणि खाली प्रमाणित करणारीचं नाव माझं होतं.

बाहेर आमचे केंद्रप्रमुख भेटले. आसपासच्या दहाबारा शाळा त्यांच्याकडे. भला माणूस. चहा पाजला आणि म्हणाले की पोर्टल पुन्हा सुरू झालं की बदल करा, पण काय होईल ते समजून करा. मग त्यांनी एकेक करून सांगितलं. आमचा पट एकवीस. त्यातल्या दोन मुलांची आधारवरची नावं जुळत नाहीत, म्हणून वरती आम्ही एकोणीसच दिसतो. किती शिक्षक ठेवायचे ते त्याच आकड्यावर ठरतं. आता एक खोली बाद दाखवली, तर एकोणीस मुलांची एका खोलीची शाळा दिसेल आणि कालव्यापलीकडची मोठी शाळा जवळच आहे.

"मग वरच्यांना काय सुचेल, ते तुम्हीच ओळखा," ते म्हणाले.

त्यांनी दम दिला असता तर मी भांडले असते. ते मला जपायला सांगत होते, त्यानंच मला जास्त धास्ती बसली.

शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष वस्तीवरच राहायच्या. सगळे त्यांना भाभी म्हणत. दारात पिठाची गिरणी, शेजारी किराणा. त्यांचे यजमान आठवडी बाजारांत कपडे विकायचे, म्हणून घर, गिरणी आणि समिती सगळं त्यांच्याच अंगावर. वाळू पडते म्हणणारी मुलगी त्यांचीच. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गिरणी बंद केली, हात पुसले आणि पुन्हा एकदा सगळं विचारून घेतलं.

"पोरं झाडाखाली बसवा, माझ्या वट्यावर बसवा," त्या म्हणाल्या. "पर बाई, शाळा जाईल असं कायबी लिवू नका. कालव्याच्या कडंनं मी पोरगी धाडणार न्हाय. कुणीच धाडणार न्हाय."

पुढच्या वेळी पोर्टल उघडलं तेव्हा खोलीच्या रकान्यात तीन पर्याय होते. चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती. मी बराच वेळ बसून होते. मग एका खोलीपुढं ‘किरकोळ दुरुस्ती’ निवडलं. स्वतःची समजूत घातली की हे अगदी खोटं नाही. खोलीला कुलूप होतंच. पण पावसाळ्यानंतर त्या दाराच्या फटीतून आत पाहिलं की जमिनीवर पडलेले तुकडे प्रत्येक वेळी थोडे जास्त दिसायचे. व्हरांड्यातली मुलं त्या भिंतीला पाठ टेकून बसायची. मी त्यांना पुढं सरकवायचे, ती खेळताखेळता पुन्हा मागं जायची.

मग निवडणूक आली. आमच्या शाळेत मतदान केंद्र दरवेळी असतंच, पण या वेळी शेजारच्या वस्तीचं केंद्रही आमच्याकडेच लावलं होतं, कारण यादीत दोन वापरण्याजोग्या खोल्या दिसत होत्या. केंद्रांची पाहणी करायला एक तरुण अधिकारी आले. त्यांच्या हातात छापील कागद होता. त्यांनी पहिली खोली पाहिली, वीज पाहिली, रॅम्प पाहिला आणि कुलपाकडे बोट दाखवून म्हणाले, ही उघडा, आदल्या दिवशी कर्मचारी इथंच मुक्कामाला असतील.

मी किल्ली हातात धरून उभी राहिले. गुरुजी माझ्याकडे पाहत होते. वस्तीवरचे चारपाच लोक जमले होते, त्यांत भाभीही होत्या. मला दिसत होतं की आता गप्प बसले तर त्या छताखाली दिवसभर रांग उभी राहणार आहे. म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया.

"ही खोली वापरता येणार नाही," मी म्हणाले. "छत कधीही खाली येईल."

"कागदावर तर किरकोळ दुरुस्ती आहे."

"ते चुकीचं आहे. मीच भरलंय."

त्यांनी कागदावरच्या त्या ओळीखाली रेघ मारली. मग म्हणाले की लेखी द्या. मी तिथंच टेबलाशी बसून लिहून दिलं आणि सही केली. भाभी केव्हा निघून गेल्या ते कळलं नाही. मतदानाच्या दिवशी दुसरं केंद्र मांडवात झालं. कुणाला काही झालं नाही.

पण तो कागद फिरत राहिला. पंधरवड्यानं मला खुलासा मागणारं पत्र आलं, चुकीची माहिती का प्रमाणित केली म्हणून. मग अभियंता आला. त्यानं लांब काठीनं छताला दोनतीनदा ठोकलं. चौथ्या वेळी परातीएवढा तुकडा सुटून त्याच्या पुढ्यात पडला आणि तो मागच्या पावली बाहेर आला. त्याच दिवशी भिंतीवर लाल अक्षरांत ‘धोकादायक’ लिहिलं गेलं. दुसरीची मुलं बोट फिरवून ते वाचायला लागली. धो, का, दा, य, क. मला त्यांना थांबवता येईना, कारण वाचत होती ती बरोबर.

मार्चमध्ये शिक्षकांच्या ग्रुपवर एक यादी आली. समायोजनासाठी विचारात घेतलेल्या शाळा, म्हणजे बंद करून दुसऱ्या शाळेत मिळवायच्या शाळा. आमची ओळ मी पुन्हापुन्हा वाचली. पट एकोणीस, वापरायोग्य खोल्या एक, शिक्षक दोन, जवळच्या शाळेचं अंतर एक किलोमीटर.

मी भाभींकडे गेले. वाटलं होतं की बोल लावतील. त्यांनी पाणी दिलं, बसायला पोतं झटकलं.

"तुमी खरं सांगितलं, त्यात तुमची चूक न्हाय," त्या म्हणाल्या. "बाया-पोरं मेली असती. पर माझ्या पोरीचं काय करू, तेवढं सांगा."

मी म्हणाले की ते एक किलोमीटर तरी आपण चालून बघू, हरकत घेता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी निघालो, त्या, मी आणि त्यांची मुलगी. समोरची शाळा वस्तीवरून दिसते. तिचा पत्रा उन्हात चमकतो. सरळ रेषेत ते एक किलोमीटर खरं, पण मधे कालवा, आणि पूल पार खालच्या अंगाला. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस. बिबट्या दिसल्याचे मेसेज गावच्या ग्रुपवर अधूनमधून येतात, खरे किती आणि खोटे किती कुणाला माहीत. भाभींनी सगळी वाट मुलीचं मनगट सोडलं नाही. एका ठिकाणी उसात काहीतरी खसखसलं. आम्ही थांबलो. कुत्रं असेल, मी म्हणाले. बाहेर काहीच आलं नाही. कालवा काठोकाठ भरून वाहत होता आणि त्याच्या कडेची पायवाट दोन ठिकाणी आत खचली होती. मुलीनं विचारलं की पावसाळ्यात हितनं कसं यायचं. पलीकडे पोचायला आम्हाला पाऊण तास लागला.

मी ते सगळं लिहिलं. वाटेचे फोटो लावले, भाभींनी आणि वस्तीवरच्या पालकांनी सह्या केल्या. इंदापूरला हरकत दाखल केली, पोच घेतली. केंद्रप्रमुखांनी अर्ज वाचला आणि चांगला लिहिलाय म्हणाले. पोर्टलवर अंतर कोण बदलू शकतं, हे मात्र त्यांनाही सांगता येईना.

जूनमध्ये शाळा उघडली. हरकतीवर काही आलं नव्हतं, म्हणून आम्ही नेहमीसारखी रांगोळी काढली. पहिलीत दोन नवी मुलं आली. दोघांच्याही आयांनी नाव घालायच्या आधी विचारलं की शाळा वर्षभर राहील ना. मी हो म्हणाले आणि नावं लिहून घेतली.

पुस्तकं मात्र आली नाहीत. दुपारी केंद्रप्रमुखांचा फोन आला. आवाज खाली करून म्हणाले की तुमची पुस्तकं कालव्यापलीकडच्या शाळेत उतरलीत, तिथून घेऊन या. मी स्कूटीनं पुलावरून फिरून गेले. तिथल्या मुख्याध्यापकांनी गठ्ठे दाखवले. आमचे गठ्ठे वेगळे काढून द्या म्हटलं, तर ते जरा ओशाळले आणि वाटपाचा कागद माझ्यापुढं धरला. त्यावर आमच्या शाळेची ओळच नव्हती. त्यांच्या पटात आमची एकोणीस मुलं आधीच मिळवलेली होती.