मिल्याचा चुंबक आणि लातूरची फुल्विया

मिल्या आज सकाळी मेला.

'दुःखद निधन' वगैरे लिहून बघितलं. खोडलं. मला ते जमत नाही.

मिलिंद. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना माझा रूम पार्टनर. नंतर नांदेडात मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर. ठोकलेली गाडी बघायची आणि खरं काय ते लिहायचं, हे त्याचं काम. एकदा लिहिलं की लिहिलं. कुणाच्याही बापाचा फोन येऊ दे, बदलायचा नाही.

खिशात कायम चुंबक.

पत्र्याला चिकटला तर गाडी ओरिजिनल. घसरला तर खाली पुट्टी, म्हणजे ठोकून लिंपलेली.

माझ्या लग्नात सजवलेल्या गाडीला चुंबक लावून माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "मामा, डाव्या दाराला पुट्टी हाय बरं का."

सासरे त्याला आजतागायत 'तो चुंबकवाला' म्हणतात.

होस्टेलला सगळ्यांच्या भिंतीवर हिरोइनी. आमच्या भिंतीवर एक लाल गाडी. इटलीची फुल्विया, रॅलीतली, बर्फात आडवी झालेली. रद्दीतल्या फॉरेन मासिकातून कापलेली.

"एकदा डोळ्यानं बघायची राव."

मी म्हणायचो, "आधी बॅकलॉग बघ."

मागच्या वर्षी तो तपासणीसाठी लातूरला आला. मी तिथंच राहतो, म्हणून डॉक्टरकडे सोबत गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून सगळं स्पष्ट सांगितलं. आता फार हातात नाही, हेही.

बाहेर आलो. त्याला नांदेडला सोडायला निघालो.

एका गल्लीच्या तोंडाशी हा एकदम ओरडला, "थांब! गाडी बाजूला घे!"

मला वाटलं, चक्कर आली.

तर हा दार उघडून चालतोय. एका घरासमोर ताडपत्रीखाली काहीतरी उभं. ताडपत्री अर्धी सरकलेली. खाली विटका लाल रंग.

"चार गोल दिवे," तो म्हणाला. "आतले दोन मोठे. तू सांग, मोठे हायत का मला वाटून राहिलेत?"

"हायत."

"मंग ही साधी फुल्विया न्हाई. रॅलीवाली हाय."

डोळ्यात पाणी होतं गड्याच्या. डॉक्टरसमोर नव्हतं.

घरातून मुनीरभाई आले. रिटायर्ड शिक्षक. गाडी त्यांच्या सासऱ्यांनी हैदराबादहून आणलेली, ते गेल्यापासून तशीच पडून. मुनीरभाई म्हणाले, "बरं झालं आलात. दुपारी भंगारवाला येणार हाय. तुम्ही जाणकार दिसता. ठेवण्यासारखी हाय का?"

मिल्यानं खिशातून चुंबक काढला. सवयच.

बॉनेटला लावला. पडला.

दाराला लावला. पडला.

दुसऱ्या दाराला. पडला.

त्याचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "पुट्टी हाय सगळी. कुणीतरी नुसता डोलारा उभा केलाय. द्या भंगारात."

आणि येऊन गाडीत बसला.

चाकूरला चहाला थांबलो. हा बाकड्यावर बसून चुंबकाशी चाळा करून राहिला. टपरीवाल्याचं जर्मनचं भगुनं शेजारीच होतं. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, सगळ्यांना माहीत आहे. याचा चुंबक त्या भगुन्याला लागला आणि घसरला.

मिल्या उठून उभाच राहिला.

"आयला! रॅलीवालीचं बॉनेट अन् दारं ॲल्युमिनियमची असतात! वजन कमी करायला! मला पाठ हाय रे हे, कॉलेजपासून पाठ हाय!"

चहा तसाच ठेवून मागे फिरलो. मुनीरभाईंचा नंबर घेतलेला नव्हता. मिल्या सारखा म्हणत होता, "हाण. हाण जरा."

पोचलो तर टेम्पो दारात. भंगारवाला गॅस कटरची नळी सोडवतोय.

मिल्या बॉनेटसमोर जाऊन उभा राहिला. धाप लागलेली. "मुनीरभाई, माझं चुकलं. सकाळी बोललो ते खोटं हाय. ही खरी गाडी हाय, इटलीची."

मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा असं बोलताना ऐकलं.

मुनीरभाई म्हणाले, "सुबह तो पुट्टी बोले थे ना सायबा?"

मिल्यानं परवानगी मागितली. बॉनेट उचललं, आतल्या कडेला किल्लीनं खरवडलं. खाली पांढरा स्वच्छ धातू.

"जर्मन हाय ही, भाई."

"अभी तो इटली बोल रहे थे!"

आम्ही तिघं जाम हसलो. भंगारवाला शिव्या घालत गेला.

मग मिल्या आत बसला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता बसला. मुनीरभाईंनी चहा आणला, तो आतच प्याला.

परत निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एकच. मी बोलून टाकलं, "बघ, तुझ्यासारख्याचं चुकतंय. डॉक्टरचंही चुकलं असंल. हैदराबादला दाखवू."

"दाखवू की," म्हणाला.

खरं सांगतो, त्या रात्री मला छान झोप लागली.

हैदराबादच्या डॉक्टरनं सगळं पहिल्यापासून तपासलं. लातूरचा रिपोर्ट बरोबर निघाला. शब्दाला शब्द.

मिल्यानं उठून डॉक्टरशी हात मिळवला. "चांगलं तपासता राव तुम्ही."

पार्किंगमध्ये मी रडलो. तो नाही. तो शेजारच्या गाडीला चुंबक लावून बघत होता.

आज मुनीरभाईंना फोन केला. म्हणाले, "मी निघतो नांदेडला. बसनं येतो."

दुपारी अंत्ययात्रा आहे. राहत्या घरून. ज्यांना जमेल त्यांनी या.

मिल्या, लेका, सगळ्या नोकरीत एकदाच चुकलास, आणि तेही धावत जाऊन दुरुस्त केलंस.

हैदराबादला मला तेवढंच पाहिजे होतं रे. कुणीतरी चुकलेलं.

जयभीम, दोस्ता.