ड्रॅगनचे पुढचे पाय

माझे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, गेम बनवणाऱ्या एका कंपनीत चित्रकार आहेत. जगात नसलेले प्राणी काढणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. ऑफिसात त्यांना हाडवैद्य म्हणतात आणि या नावाचा त्यांना अभिमान वाटतो, यातच सगळं आलं. जो प्राणी मुळात नाहीच, त्याच्या बरगड्या चुकल्या तर या माणसाला जेवण गोड लागत नाही. शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर पंखवाला घोडा होता. मेणबत्त्या विझायच्या आत भाऊजींनी तिला समजावलं, की एवढे पंख हलवायला या घोड्याचं छातीचं हाड पुरणार नाही. मुलगी रडायला लागली. भाऊजींना वाटलं, तिला पटलं.

आजवरची सगळी नोकरी दुसऱ्या चित्रकारांच्या राक्षसांची बोटं दुरुस्त करण्यात गेली होती. यंदा पहिल्यांदाच एक अख्खा प्राणी त्यांच्या वाट्याला आला: अंडी राखणारी ड्रॅगनची मादी. भाऊजी हरखून गेले. त्यांनी तिला दोन पाय आणि दोन पंख दिले. पुढचे पाय दिलेच नाहीत, कारण पंख म्हणजेच पुढचे पाय. कणा असलेल्या प्राण्याला हातपाय मिळून चारच, पाचवा मागायचा नाही. साहेबांनी चित्र पाहिलं आणि खरा ड्रॅगन असा नसतो, असं ठणकावून सांगितलं. खरा कुठे पाहिलात, असं भाऊजींनी विचारलं. त्यावर साहेबांनी आठवड्याची मुदत दिली. पुढचे पाय लावा, नाहीतर मादी दुसऱ्याकडे जाईल.

भाऊजी हट्टाला पेटले. प्राण गेला तरी पाय लावणार नाही, असं त्यांनी घरी जाहीर केलं. नेमकी त्याच आठवड्यात ताई ओल्या फरशीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी भाऊजींनीच एक्स-रे वाचला. कुठलं हाड मोडलंय, ते जुळायला वेळ का लागतो, सगळं त्यांनी चित्र काढून समजावलं, अगदी मायेनं. घरी आल्यावर ताईनं चहा मागितला, तेव्हा त्यांना साखरेचा डबा सापडेना. लग्न झाल्यापासून तो डबा एकाच जागी आहे. मला हसूही आलं आणि संतापही.

मी मदतीला राहिले. ताईचं बाळ नुकतंच रांगायला लागलेलं, क्षणभर स्वस्थ बसेल तर शपथ. ताई एका हातानं त्याला उचलायला जायची आणि ते निसटायचं. भाऊजी समोर बसून पाहत राहायचे. पाहायचे म्हणजे पेन्सिल घेऊन पाहायचे: खांदा कसा वळतो, कोपर कुठे टेकतं. मी बाळाला कडेवर घेऊन दात-ओठ खात भाजी चिरायचे, तर त्यांनी माझंही कोपर कागदावर उतरवून घेतलं.

मुदत संपली त्या दिवशी साहेबांना पुढचे पाय असलेली मादी मिळाली. खांद्याच्या पात्याखाली दुसरं पातं, त्याला वेगळे स्नायू, सगळं चोख. हातांशिवाय पिल्लं वाढवता येत नाहीत, हे शरीरशास्त्राचं नवं तत्त्व भाऊजींनी मीटिंगमध्ये मांडलं. टाळ्या पडल्या. मादी त्यांच्याकडेच राहिली.

संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप ताईपुढे ठेवला. मादीनं एका पंजात अंडं धरलं होतं, दुसऱ्यानं ती घरटं सारखं करत होती, पंखांनी ऊन अडवत होती आणि शेपटीनं चोरांना हाकलत होती.

"तुझ्यावरूनच काढलीय," भाऊजी म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

ताईनं चित्राचा कोपरा न् कोपरा पाहिला. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं.

"आणि नर कुठाय?" तिनं विचारलं.

"नर गेममध्ये नाहीच."

"मग अगदी अचूक काढलंयस," ताई म्हणाली. बाळाला माझ्याकडे देऊन ती एका हातानं कुकर लावायला उठली.

भाऊजींचा चेहरा आधी खुलला आणि मग पडला. तेही तिच्यामागे गेले. थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला. साखरेचा डबा कुठे असतो, ते विचारत होते.