व्याह्यांचा सेनापती

आमच्या व्याह्यांइतका एकाच माणसाच्या नादी लागलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि तो माणूस म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी मेलेला एक इंग्रज. त्याने आपल्याच राजाचं डोकं उडवायला लावलं आणि मग स्वतः राज्य केलं. त्याचं नाव माझ्या जिभेवर वळत नाही, म्हणून मी त्याला सेनापती म्हणते. व्याही, म्हणजे सूनबाईचे वडील, नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवायचे. ओहायोतल्या डब्लिनला लेकीकडे राहायला आले, ते सेनापतीला बरोबर घेऊनच. मी इथे मुलाकडे आधीपासून होते. माझ्या गावच्या तळ्यातल्या सुसरीची गोष्ट मी नातीसाठी किती दिवस राखून ठेवली होती. ईराला जरा मराठी समजू दे, मग सांगू, असं मनात होतं. व्याही असली वाट बघत बसले नाहीत. पहिल्याच दुपारी ते सोफ्यावर माझ्या कोपऱ्यात बसले, ईराला मांडीवर घेतलं आणि राजाचं डोकं उडवून मोकळे झाले.

सेनापतीने म्हणे चित्रकाराला बजावलं होतं की चामखीळ आहे तशी रंगव. व्याह्यांच्या नाकाशेजारीही एक आहे. सूनबाईने फोनमध्ये त्यांचा फोटो गुळगुळीत केला, तर म्हणाले, "माझी चामखीळ परत आण. ती माझी स्वतःची मिळकत आहे." डिसेंबरात झाडाला दिवे लावले आणि हे त्याच्याखाली बसून सांगतात, सेनापतीच्या काळात नाताळ बंद होता. मला वाटलं, आता पोर रडत माझ्याकडे येईल. ती म्हणाली, "दॅट्स सो मीन! मग काय झालं?" आणि त्यांना आणखीच चिकटून बसली. मेल्यावर सेनापतीला उकरून त्याचं डोकं खांबावर लावलं हे ऐकल्यापासून तर माझी पोछ्याची काठी अंगणात होती, वर भोपळा खोचलेला.

एकदाच मला बरं वाटलं. शेजारची आयरिश म्हातारी केक घेऊन आली आणि व्याह्यांनी तिलाही सेनापतीचं कौतुक ऐकवलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला. त्याने आयर्लंडात फार माणसं मारली होती. तिच्या आजीच्या घरात त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती, हे सूनबाईने मला नंतर समजावलं. मी म्हातारीला दोन चकल्या जास्त बांधून दिल्या. व्याही त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या दारी जाऊन माफी मागून आले, आणि ईराला म्हणाले, "आज सेनापतीची वाईट बाजू ऐक. चामखीळ फक्त चित्रात ठेवून भागत नाही." ते ऐकायला मीसुद्धा भांडी तशीच ठेवून दाराशी उभी राहिले. माणूस माफीसुद्धा इतकी चांगली मागतो, याचाच मला राग आला.

गेल्या महिन्यात ते परत गेले. माझा कोपरा मला मिळाला. ईरा आली, म्हणाली, "आजी, गोष्ट सांग ना." मी सुसर बाहेर काढली. पोरीला शब्दन् शब्द कळत होता. हे मराठी तिला कुठून आलं ते मला विचारावं लागलं नाही. शेवटी सुसर पाण्यात निघून गेली, तर ती नागपुरी थाटात म्हणाली, "मग तिचं डोकं खांबावर लावलं काय?"

माझ्या गोष्टीत खांब कधीच नव्हता.

"लावलं," मी म्हणाले. "दातांसकट."

हे आजोबांना सांगायलाच हवं म्हणून तिने फोन आणला. व्याह्यांशी मी आजवर पदराआडून दोन शब्दांच्या पुढे बोलले नव्हते. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं, आणि ईराच्या आधी मीच म्हणाले, "व्याहीबुवा, परत कधी येता?"