घोड्याला हात

वरणगावच्या संघमित्रा तायडेनं सतराव्या वर्षी बुद्धिबळात राज्याचं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा भुसावळ स्टेशनपासून घरापर्यंत उघड्या जीपमधून तिची मिरवणूक निघाली. वडील रवींद्र आयुध कारखान्यात कामाला. खेळ त्यांनीच शिकवलेला.

पुढं जळगावच्या एका स्पर्धेत तिनं धुळ्याच्या कुंदनला हरवलं. डाव चालू असताना ती दोनदा उठून बाथरूमला गेली होती. "आत जाऊन मोबाइलवर चाली बघत असेल," असं कुंदन मित्रांना हसत म्हणाला. पंचांनी तिची झडती घेतली, काही निघालं नाही. पण कुंदनच्या त्या बोलण्याचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ घरोघरी पोचला. सत्काराची बोलावणी थांबली. तिच्याकडे बुद्धिबळ शिकायला येणाऱ्या मुलींना त्यांच्या आयांनी काहीबाही सांगून काढून घेतलं. कारखान्यात लोक विचारत, "काय तायडे, पोरगी मोबाइल कोणता वापरते?"

संघमित्रानं पट गुंडाळून ठेवला. दोन वर्षांनी, धुळ्याच्या खुल्या स्पर्धेत मात्र तिनं आपणहून नाव दिलं. शेवटच्या फेरीत समोर कुंदन. जिंकेल तो पहिला.

सकाळपासून तिनं पाणी टाळलं होतं. डावभर ती खुर्चीवरून हलली नाही. घसा कोरडा पडला, पोटरीत गोळा आला, तरी नाही. भोवती जमलेले लोक पटापेक्षा तिच्या हातांकडेच जास्त बघत होते.

दोघांचीही वेळ संपत आली. कुंदननं घाईत घोडा बोटांत धरला, चमकून सोडला आणि हत्ती सरकवला. पंच तेव्हा पलीकडच्या टेबलाशी होते. संघमित्रानं घड्याळ थांबवून हात वर केला.

"सर, यांनी घोड्याला हात लावला. आता घोडाच खेळायला पाहिजे."

"झालं हिचं सुरू!" मागून कुणीतरी म्हणालं.

पंचांनी विचारलं, "कुणी पाहिलं?" जमलेल्यांतलं कुणी पुढं आलं नाही.

"साक्षीदार नसेल तर मी काय करणार, ताई? कुंदन, तुम्ही सांगा."

कुंदन पटाकडे बघत राहिला. घोडा हलला की वजीर जाणार, हे दोघांनाही दिसत होतं.

"लावला होता," तो म्हणाला.

हत्ती मागे आला, घोडा हलला, वजीर गेला. पाचसहा चालींत त्यानं डाव सोडला.

बक्षिसांच्या आधी संघमित्रानं त्याला जिन्यात गाठलं. "आज खरं बोललात. आता जळगावचंही बोला."

"ती गंमत होती हो."

"तुमची असेल. माझे बाबा अजून मान खाली घालून कामावर जातात."

दुसरं बक्षीस घेताना कुंदननं माइक मागून घेतला. "जळगावला संघमित्रा सरळ खेळल्या. मी हरलो आणि नको ते बोललो." मागच्या रांगांत थोड्या टाळ्या वाजल्या.

याचाही व्हिडिओ निघाला, पण तो फारसा कुणी पुढं पाठवला नाही. रवींद्र तो कँटीनमध्ये एकेकाला दाखवायचे. लोक "बरं झालं" म्हणून डबा उघडायचे. तीन मुली परत शिकायला आल्या, बाकीच्या आल्या नाहीत. संघमित्रानं त्या तिघींना घेऊन वर्ग सुरू केला.