शिवप्पाचा अनवाणी पाय

धर्माबादच्या मोंढ्यामागं शिवप्पा मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथल्या बाकड्यावर मी रोज बसतो. काम काही नसतं. पण गावातल्या निम्म्या खबरा तिथंच पिकतात, उरलेल्या निम्म्या मी पिकवतो.

शिवप्पा मूळचा देगलूरकडचा. पस्तीस वर्षं ट्रक-जीपांच्या पोटाखाली गेली आणि पत्र्यावर हातोडा मारता मारता कान गेले. लेकीनं घेऊन दिलेलं कानाचं यंत्र तो नटबोल्टच्या डब्यात ठेवतो. झालं, मोंढ्यात चर्चा सुरू: ज्याला गिअरची खरखर ऐकू येत नाही, तो गिअरबॉक्स काय दुरुस्त करणार? तीन महिने एकही मोठं काम आलं नाही. शेवटी बायकोनं, रत्नम्मानं, दोघांची उदगीरला लेकीकडं जायची बॅग भरली. त्याच्या तोंडासमोर उभी राहून, ओठ नीट हलवत म्हणाली, "आता येईल ती गाडी जमली न्हाई, तर शटर खाली."

आणि आली ती अनंतराव गुरुजींची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप. गुरुजी रिटायर, शेताची वाट चिखलाची, म्हणून ही म्हातारी सांभाळलेली. दोन गॅरेजवाल्यांनी आवाज ऐकूनच गिअरबॉक्स उतरवायला सांगितलेला. गुरुजी भंगारात घालायला निघाले होते. 'एकदा शिवप्पाला दाखवा' हा हट्ट शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा, कुसुमकाकूंचा.

"मिस्त्री, गिअर टाकला की किंचाळतो!" गुरुजी असे ओरडले की मोंढ्यातले हमाल पोती टाकून बघायला लागले. "दोघांनी ऐकलंय!"

"मग मी ऐकत न्हाई," शिवप्पा म्हणाला. "मी बघतो."

त्यानं इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकला. सगळे गिअर गुमान बसले. मग इंजिन चालू करून पुन्हा टाकला, तर दांडा मुठीत थरथरला.

"दाते चांगले हायत, गुरुजी. खराब असते तर बंद गाडीतबी कुरकुरले असते. क्लच दाबला तरी इंजिनाला पुरतं सोडून न्हाई राहिला."

तो गाडीखाली शिरला. "काकू, क्लच दाबा." काकूंनी ड्रायव्हरच्या सीटवर सरकून दाबला. क्लचचा रॉड सरकला, पण जायला हवा तिथवर जाईना. गळती नाही, झीज नाही, काही वाकलेलं नाही. पुन्हा दाबा. पुन्हा. बाराव्या वेळी काकू म्हणाल्या, "आता माझाच गुडघा उतरवावा लागतोय बघा!"

गुरुजी वैतागून गाडीखाली वाकले आणि ओरडले, "अहो, उघडा की सरळ!"

"कारण कळल्याबिगर पाना लावणार न्हाई."

दुपार कलली. रत्नम्मा एकदा जीपकडं, एकदा बॅगेकडं बघत होती. मीसुद्धा एकही खबर पिकवली नाही, यावरून ओळखा.

शिवप्पा बाहेर आला, चप्पल काढली, सीटवर बसला आणि अनवाणी पायानं क्लच हळूहळू खाली नेला. डोळे मिटलेले.

"खाली पत्रा लागाय पाहिजे," तो म्हणाला. "मऊ लागून राहिलं."

रबरी मॅट उचलली. खाली चौपदरी घडीची वाकळ! जुन्या लुगड्यांची, हातानं शिवलेली. तिच्यावरच पेडल अडत होतं.

सगळे काकूंकडं वळले.

"मे महिन्यात यांचे तळपाय भाजायचे, म्हणून घातली," काकू म्हणाल्या.

"मग सांगायचं नाही?"

"तुम्हीच म्हणालात की, आता पायाला बरं वाटतंय. मला वाटलं, कळलं!"

वाकळ निघाली. गिअर हूं की चूं न करता पडले. गुरुजींनी आवाज पहिल्यांदाच खाली आणला. "मिस्त्री, हे वाकळीचं कुणाला सांगू नका." शिवप्पानं ओठ वाचून मान हलवली. तो शब्दाचा पक्का. रत्नम्माचा चेहरा मात्र उतरला. कुणाला कळलंच नाही, तर गाडी आणणार कोण?

मला कुणी शपथ घातली नव्हती. संध्याकाळपर्यंत बातमी स्टेशनापलीकडं गेली होती, आणि वाकळ आठपदरी झाली होती.

चौथ्या दिवशी मुदखेडचा एक पिकअपवाला आला. उतरता उतरताच त्यानं मॅट उचलून दाखवली. "मामा, खाली वाकळ न्हाई बरं का!"

शिवप्पाला ते ऐकू गेलं नाही. त्याची चप्पल आधीच निघाली होती, आणि आत रत्नम्मा बॅगेतून त्याचे कपडे काढून पुन्हा खुंटीवर लावत होती.