सायन्नाचा बिल्ला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता लिहितानाही दार ओढून घेतलंय—घरात कुणी नसताना. कशाला? भीती, दुसरं काय.

तरुणपणी मी विदर्भातल्या एका कोळसा खाणीत बदली कामगार होतो. नांदेड-लातूरकडची आमची बरीच पोरं तिथं होती, सगळी बदलीच. कायम करा म्हणून संप झाला, आणि तो चालू असतानाच जुन्या युनियनच्या पुढाऱ्यांनी बदलीवाल्यांना वगळून बोलणी सुरू केली. म्हणून आम्ही फुटलो. वेगळी युनियन काढून संप चालू ठेवला.

खाणीत उतरताना प्रत्येकानं आपल्या नंबराचा पितळी बिल्ला तोंडाशी असलेल्या फळ्यावर टांगायचा, वर आल्यावर काढून घ्यायचा. फळ्यावर बिल्ला राहिला, तर माणूस खाली आहे. आम्ही ठरवलं—सगळ्यांचे बिल्ले एका पिशवीत ठेवायचे, म्हणजे कुणी चोरून उतरणार नाही. पिशवी माझ्याकडे दिली. हिशेबाला चोख माणूस, म्हणाले.

मग एका सकाळी मुकादमानं मला गाठलं. "कुणाचाबी बिल्ला टांग. आज तुमच्यातला एक माणूस खाली दिसला पाहिजे. तुझं कायमचं मी बघतो. न्हाई तर गावाकडं जा." घरी आई होती, धाकट्या बहिणी होत्या—पण ते राहू द्या. सगळ्यांच्याच घरी कुणी ना कुणी होतं.

मी उतरलो. सायन्नाचा बिल्ला टांगून.

हाताला लागला तो काढला, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. खोटं आहे. मी निवडून काढला. सायन्ना देगलूरकडचा, घरात तेलुगू बोलणारा. खाणीत त्याचं नात्यागोत्याचं कुणी नव्हतं. आणि त्या दिवशी तो तापानं खोलीवर एकटा पडून होता. मला कसं माहीत? सकाळी मीच त्याला गोळी देऊन आलो होतो.

पाळी सुटायच्या आत मुकादमानं आमच्या माणसांना फाटकातून आत नेऊन फळा दाखवला. संध्याकाळी सायन्नाला चादरीसकट उठवून आणलं. त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, तुमीच सांगा की ह्यांना." त्याची बहीण काही माझ्या घरात नव्हती, गमतीनं दाजी म्हणायचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दिवसभर कुठं होतो, हे कुणी विचारलं नाही—पिशवी सांभाळणाऱ्यावर कोण संशय घेणार?

मी म्हणालो, "काल मागून नेला त्यानं."

कुणीतरी त्याची ट्रंक रस्त्यावर टाकली. नळावर त्याला पाणी भरू दिलं नाही. काही दिवसांत तो गाव सोडून गेला. आमची युनियन एकमेकांवर संशय घेत विरून गेली. मी कायम झालो. नांदेडचं हे घर त्याच पगारावर उभं आहे.

देगलूरला जायचं मी टाळत आलो. गेल्या उन्हाळ्यात मेहुणीच्या मुलाचं लग्न तिथं निघालं, जावं लागलं. पंगतीत मान खाली घालून जेवत होतो. वरणाची बादली पुढ्यात थांबली. हात ओळखीचे वाटले, म्हणून वर पाहिलं. केस पांढरे झालेले.

"घ्या दाजी, गरम हाय," तो म्हणाला. पळीभर वाढलं आणि पुढं सरकला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

बायकोनं विचारलं, "तुम्हाला दाजी म्हणाला तो. कोण हो?"

तो जेमतेम दोन पानं पुढं होता, पाठमोरा. त्याची पळी बादलीतच थांबली.

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.